रात्र पुरत नाही, दिवस सरत नाही

पैसे वाचवण्यासाठी वाटेल तेवढा खर्च आणि वाटेल तेवढे हाल सोसण्याची ज्याची तयारी असते, त्याला काटकसरी प्रवासी म्हणावे, अशी या विषयाची कामचलाऊ व्याख्या करता येईल. या जमातीत फार पूर्वीपासून दोन पंथ आढळतात. रात्रपंथीयांचे मत असे की, झोप ही घरी फुकट वाया जाणारी वस्तू असून तीच चालत्या गाडीत घेतली तर दिवस वाचतो, दिवसाची मजुरी वाचते आणि मुक्कामाच्या खोलीचे भाडेही वाचते. दिनपंथीयांचे मत असे की, ज्या गाडीत झोप लागतच नाही त्या गाडीत झोपण्याचे पैसे भरणे हा शुद्ध बावळटपणा असून, दिवसा बसून गेल्यास तिकीट स्वस्त पडते, मुलूख दिसतो आणि सामानावर नजर राहते. शैव आणि वैष्णव यांच्यातील वाद कालांतराने निवळला. हा मात्र निवळण्याची चिन्हे नाहीत, कारण दोन्ही पंथांची माणसे बहुधा एकाच घरात नवरा-बायको म्हणून नांदत असतात. लग्न जुळवताना पत्रिकेतले छत्तीस गुण पाहिले जातात. हा सदतिसावा कोणीही पाहत नाही.

या वादाच्या अभ्यासासाठी सुरतेसारखे दुसरे क्षेत्र नाही. मराठी माणसाचा सुरतेच्या प्रवासाशी संबंध जुना आहे. १६६४ आणि १६७० अशा दोन्ही वेळा शिवाजी महाराजांच्या फौजा येथे आल्या त्या आरक्षणावाचून आल्या आणि जाताना त्यांच्याजवळ येतानापेक्षा सामान अधिक होते. या दुसऱ्या बाबतीत आजचा प्रवासी परंपरेला धरून आहे, फक्त त्याच्या पिशव्यांत घारी, नानखटाई आणि साड्या असतात. आजच्या सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांमध्ये खानदेशातून आलेली लाखो माणसे राहतात, यंत्रमागाच्या कारखान्यात, ज्याला येथे 'खाते' म्हणतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, आणि सण, लग्न, दहावा किंवा शेतीचा वाद यांपैकी एखादे निमित्त निघाले की नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव यांपैकी कोठे तरी जायला निघतात. दुसरीकडे मुंबई आहे. या दोन्ही दिशांची अंतरे नियतीने अशा खोडसाळपणे मोजून ठेवली आहेत की, रात्रीच्या झोपेला ती कमी पडतात आणि दिवसाच्या बैठकीला जास्त होतात.

येथे 'रात्र' या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. कवींच्या दृष्टीने रात्र चंद्रोदयाने सुरू होते, खात्यातल्या कामगाराच्या दृष्टीने ती पाळीच्या भोंग्याने सुरू होते. रेल्वेच्या दृष्टीने मात्र ती रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपते, कारण शयनयानात, म्हणजे लोकभाषेत स्लीपर डब्यात, आरक्षण असलेल्या प्रवाशाने याच आठ तासांत आडवे व्हावे असा नियम आहे. २०१७ पूर्वी ही रात्र नऊ वाजता सुरू होत असे. मधला बर्थ लवकर उघडून खालच्या माणसाला जेवता-जेवता वाकायला लावण्यावरून तंटे वाढले, तेव्हा सरकारने परिपत्रक काढून रात्र एका तासाने कमी केली. ग्रहगतीत एवढा फेरफार करण्याचे सामर्थ्य अन्य कोणत्या खात्याकडे असल्याचे दिसत नाही.

मुंबई सेंट्रल ते सुरत हे अंतर २६३ किलोमीटरचे असून मेल गाडीला त्यासाठी चार तासांच्या आसपास लागतात. म्हणजे दहाच्या सुमारास निघालेला रात्रपंथीय दीड-दोन वाजता सुरतेत उतरतो आणि सरकारने मंजूर केलेल्या आठ तासांच्या रात्रीपैकी निम्मी रात्र त्याला फलाटावर स्वखर्चाने पुरी करावी लागते. मिळालेल्या चार तासांतही पहिला तास तिकीट तपासनिसाची वाट पाहण्यात, "लाईट बंद करा हो" आणि "जरा थांबा, लोणचे सापडत नाही" या संवादात जातो, आणि शेवटचा तास आपले स्थानक निघून तर गेले नाही ना या काळजीत जातो. उरलेल्या दोन तासांना झोप म्हणणे हा केवळ रात्रपंथीयांचा प्रघात आहे.

प्रवासी झोपून राहू नये म्हणून रेल्वेने १३९ या क्रमांकावर एक सोय ठेवली आहे, जिच्यात नाव नोंदवले असता स्थानक येण्याच्या वीस मिनिटे आधी दूरध्वनी येतो. परंतु काटकसरी माणसाचा रेल्वेच्या सोयीवर विश्वास नसतो, म्हणून तो स्वतःच्या मोबाईलवर पाऊणचा, एकचा, सव्वाचा आणि दीडचा असे चार गजर लावतो, आणि डब्यात सुरतेला उतरणारी वीस माणसे असली तर ऐंशी गजरांच्या जोरावर जो संपूर्ण डबा जागा होतो त्यात अहमदाबादला उतरणारी निरपराध माणसेही असतात. अनुभवी लोक गजरापेक्षा तापीच्या पुलाच्या आवाजावर अधिक भरवसा ठेवतात. गाडी पुलावर शिरली की खडखडाट बदलतो आणि कसलाही झोपाळू माणूस उठून बसतो. ही खूण अचूक आहे. फक्त ती अहमदाबादकडून येणाऱ्यांसाठी आहे, कारण सुरत स्थानक तापीच्या दक्षिणेला आहे आणि मुंबईकडून येणाऱ्याला पुलाचा आवाज ऐकू येतो तेव्हा सुरत मागे पडलेली असते. प्रस्तुत लेखक हा भूगोल पुस्तकातून न शिकता भरूचच्या फलाटावर, पहाटे, एक बूट हातात आणि एक पायात अशा अवस्थेत शिकला असल्याने त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

बुटाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट नोंदवणे योग्य होईल. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात मराठी बनावटीचा एक जोडा व्यासपीठावर येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांना लागला आणि पक्ष फुटला, हे इतिहासात नमूद आहे. त्या जोड्याचा जोडीदार कोठे गेला याचा विचार इतिहासकारांनी केलेला नाही. स्लीपर डब्यातल्या प्रवाशाला मात्र हाच प्रश्न दर पहाटे पडतो. खालच्या बाकाखाली ठेवलेली चप्पल रात्रभरात लोटली जात जात चौथ्या कप्प्यापर्यंत जाते, म्हणून जाणकार रात्रपंथीय ती उशाशी घेतो आणि घरी ज्या माणसाला उशीचा अभ्रा रोज बदललेला लागतो तोच माणूस पायताणावर डोके ठेवून, दिवस वाचवल्याच्या समाधानात, छताच्या पंख्याकडे पाहत पडून राहतो.

रात्री दोन वाजता सुरतेत उतरलेल्या माणसाने पुढे काय करावे, याविषयी रात्रपंथाच्या सिद्धान्तात काहीही सांगितलेले नाही. नातेवाइकाचे दार वाजवावे तर तो जन्मभर बोलून दाखवील, खोली घ्यावी तर जे भाडे वाचवण्यासाठी हा खटाटोप केला तेच द्यावे लागेल, आणि प्रतीक्षालयात बसावे तर तेथे आपल्याआधी उतरलेले रात्रपंथीय पथारी पसरून असतात. अखेर रिक्षा हाच मार्ग उरतो. अशाच एका रात्री, गुजरातीचे ज्ञान बेताचे असलेल्या एका मराठी गृहस्थांनी लिंबायतचे भाडे विचारले असता चालक म्हणाला, "बसो." एवढ्या अवेळी लाभलेल्या या अगत्याने गहिवरून गृहस्थ धन्यवाद देऊन बसले. उतरताना उलगडा झाला की, गुजरातीत 'बसो' म्हणजे दोनशे, आणि बसा म्हणायचे असेल तर 'बेसो' म्हणतात.

"अहो, दिवसा चाळीस रुपये होतात!" गृहस्थ म्हणाले.

"तो दिवसे आववुं हतुं ने, काका!" चालक म्हणाला, म्हणजे, मग दिवसा यायचे होते. दिनपंथाची बाजू इतक्या थोड्या शब्दांत आजवर कोणी मांडलेली नाही.

खानदेशच्या दिशेने पाहिले तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. उधना ते जळगाव हा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने १९०० च्या सुमारास पुरा केला आणि पुढची शंभरांवर वर्षे तो बहुतांशी एकेरी राहिला, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, म्हणजे क्रॉसिंगसाठी, गाडी कोठेही थांबे आणि रात्रपंथीयांना झोप पुरी करून मिळे. २०१८ पर्यंत मार्ग दुहेरी झाला. गाड्यांची वाट मोकळी झाल्याबद्दल सर्वत्र आनंद व्यक्त झाला. मात्र तेवढ्याच तिकिटात पूर्वीपेक्षा कमी झोप मिळू लागली, ही तक्रार कोणत्याही प्रवासी संघटनेने अद्याप मांडलेली नाही.

त्यातही नंदुरबारच्या प्रवाशाची कोंडी पाहण्यासारखी आहे. सुरतेहून नंदुरबार सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि स्लीपरचे भाडे कमीत कमी २०० किलोमीटरचे आकारले जाते, म्हणजे चाळीस किलोमीटर न केलेल्या प्रवासाचे पैसे भरावे लागतात. खरा काटकसरी माणूस हे सहन करू शकत नाही. पैसे भरलेच आहेत तर तेवढे अंतर जाऊन यावे, असा विचार मनात येऊन दोंडाईचापर्यंत झोपून राहिलेली माणसे आढळतात, आणि विचारले असता ती झोप लागली असे सांगत नाहीत.

या मार्गावरची खरी परीक्षा अखाजीला होते. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात सासुरवाशिणी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि त्या आठवड्यात उधन्याला गाडी लागते तेव्हा जनरल डब्याच्या, म्हणजे आरक्षणावाचून कोणीही चढू शकेल अशा डब्याच्या, दाराशी जे घडते त्याला चढणे म्हणत नाहीत. अशा वेळी ज्यांच्याकडे कन्फर्म, म्हणजे पक्क्या जागेचे तिकीट आहे त्यांचा तोरा वेगळाच असतो; परंतु त्या तिकिटाची किंमतही त्यांना मोजावी लागते. कारण रात्रीच्या डब्यात पक्की जागा असणे आणि त्या जागेवर आपण असणे या दोन स्वतंत्र घटना आहेत.

"कथा चालना भाऊ?" आपल्या बर्थवर बसलेल्या चार माणसांपैकी एकजण आपल्यालाच, कोठे निघालात, असे विचारतो.

"अमळनेरले," बर्थचा मालक उभ्याने सांगतो.

"आमी नंदुरबारले उतरसूत. तवपावत बठा ना आथंच, काय हरकत शे!"

अशा रीतीने स्वतःच्या बर्थच्या कोपऱ्यावर पाहुणा म्हणून बसण्याची परवानगी मिळते. मधला बर्थ उघडावा तर खाली बसलेल्यांच्या माना वाकतात, न उघडावा तर मधल्याची झोप जाते, आणि बाजूच्या खालच्या बाकावर आरएसी, म्हणजे एका बर्थवर दोघांना अर्धी-अर्धी बैठक देणारे तिकीट, घेतलेले दोन परके गृहस्थ एकमेकांच्या पायांशी रात्रभर जो मूक तह करीत असतात तो पाहिला म्हणजे संयुक्त कुटुंबपद्धतीविषयीचे गैरसमज दूर होतात.

मुलांच्या वयाच्या बाबतीत मात्र रात्रपंथाची बाजू भक्कम आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्लीपरमध्ये वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते आणि बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. परिणामी, अनेक घरांत एक मूल साडेचार वर्षांचे होऊन तेथेच थांबलेले असते. रात्री हे मूल पांघरुणात असते आणि पांघरुणाला वय विचारता येत नाही. दिवसा तेच मूल खिडकीशी बसून स्थानकांच्या पाट्या मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवते, आणि तपासनिसाने कौतुकाने "कितवीत रे बाळा?" असे विचारताच "तिसरीत!" असे छाती काढून सांगते. अशा वेळी बापाच्या चेहऱ्यावर अभिमान आणि दंड यांचा जो संगम होतो तो अन्यत्र पाहायला मिळत नाही.

दिवसाच्या प्रवासाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. दिनपंथीय ती स्वतःच, पोचल्यावर, पुरेशी करतात. त्यांचे पहिले तत्त्व असे की, दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित आसनाला, ज्याला टू-एस म्हणतात, आरक्षणाचा आकार १५ रुपये आणि स्लीपरला २० रुपये, सुपरफास्ट गाडीचा अधिभार टू-एसला १५ आणि स्लीपरला ३०, म्हणजे मूळ भाड्यातला फरक सोडूनही माणशी वीस रुपये येथेच सुटतात. पाच माणसांच्या कुटुंबाचे झाले शंभर. हे शंभर रुपये हातात आल्याचा आनंद चलथानपर्यंत टिकतो. तेथे पहिला खमणवाला चढतो. घरून आणलेला डबा बारडोलीच्या आत संपतो, कारण गाडीत बसले की भूक लागते हा निसर्गनियम आहे, आणि ती रात्री लागत नाही याचे एकमेव कारण असे की रात्री विकणारे कमी असतात. व्याऱ्यापर्यंत शेंगदाणे, सोनगडला चहा, मग काकडी, मग "पाणी थंडं" आहे म्हणून पाणी, मग मुलाने हट्ट धरलेली आणि फुगवताच फुटलेली वस्तू. नंदुरबारला हिशेब करावा तो शंभर रुपयांचे दोनशे चाळीस झालेले असतात. यांत मे महिन्याच्या दुपारी खानदेशातून जाणाऱ्या पत्र्याच्या डब्यात बसण्याचा खर्च धरलेला नाही, कारण तो घामाच्या रूपाने अदा केला जातो. खिडकी उघडी ठेवावी तर भट्टीचा वारा येतो आणि बंद ठेवावी तर भट्टी आतच राहते, आणि खिडकीसाठी सुरतेला भांडलेली भावंडे दोंडाईच्याला त्याच खिडकीची जागा एकमेकांना आग्रहाने देऊ लागतात.

दिवसाचा एक लाभ मात्र निर्विवाद आहे, तो म्हणजे नवापूर. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा या स्थानकाच्या फलाटावरून जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, अशी येथली वाटणी असून, एका बाकावर मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावे लिहिलेली आहेत. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. दिवसाचा प्रवासी उतरून त्या बाकावर दोन राज्यांत बसल्याचे छायाचित्र काढून घेतो आणि सुटणाऱ्या गाडीमागे, कोणत्या राज्यातून याचा विचार न करता, धावतो. रात्रीचा प्रवासी त्याच घोषणा चारही भाषांत झोपेत ऐकतो आणि चारही भाषांत दचकून उठतो. सुरतेकडे येणाऱ्या गाडीत येथे आणखी एक सूक्ष्म बदल जाणवतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने, एरवी मोकळेपणाने वागणारा एखादा प्रवासी नवापूर जवळ येताच आपली पिशवी मांडीवर घेऊन एकाएकी धार्मिक चेहरा करतो.

लिंबायतच्या एका घरात, जे केवळ नमुना म्हणून येथे घेतले आहे, या प्रश्नावर अखाजीच्या आधी दोन महिने चर्चा सुरू झाली, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. घरधन्याने वहीत दोन रकाने आखले. रात्रीच्या रकान्यात 'एक दिवसाची मजुरी वाचली' असे लिहिले.

"अहो, पण रात्री झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या माहेरी ओसरीवर दिवसभर घोरता," घरधनीण म्हणाली. "ती मजुरी कोणत्या रकान्यात?"

"मागच्या वर्षी भाडे वाढले, तेही धर," म्हातारी आई म्हणाली. १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या साध्या वर्गात किलोमीटरमागे एक पैसा वाढला होता, म्हणजे अमळनेरपर्यंत माणशी अडीच रुपये. या अडीच रुपयांचे काय करावे यावर तीन वेळा चहा झाला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत सुरू होईपर्यंत थांबावे, असेही आईने सुचवून पाहिले. घरधन्याचा धाकटा भाऊ खात्यात रातपाळीला असतो, तो पाळी संपवून आला आणि दारातच म्हणाला, "दादा, रात्री जागायचे मला पैसे मिळतात. जागायचे पैसे भरायला मी येणार नाही." भाऊ एवढे बोलून झोपला आणि ठराव दिवसाच्या बाजूने मंजूर झाला.

अमलात मात्र रात्रच आली. सकाळी आठला आरक्षण उघडले तेव्हा घरधनी दिवसाची गाडी आणि रात्रीची गाडी यांची शेवटची तुलना करीत होते; तुलना संपली तेव्हा दिवसाच्या गाडीची आसने संपली होती. हातची जाऊ नयेत म्हणून स्लीपरची पाच तिकिटे काढली गेली. ती रद्द करून दुसरी काढावीत, हा विचार कोणीही बोलून दाखवला नाही, कारण पक्के तिकीट अगदी वेळेत रद्द केले तरी स्लीपरला माणशी १२० रुपये कापले जातात आणि हा आकडा वहीच्या दोन्ही रकान्यांपेक्षा मोठा होता. ठरल्या रात्री सगळे उधन्याला फलाटावर चादरी पसरून बसले. गाडी पाच तास उशिरा आली, तेव्हा उजाडले होते, मधले बर्थ नियमाप्रमाणे खाली पाडायची वेळ झाली होती, आणि झोपण्याचे भाडे भरलेले हे कुटुंब खमण खात, खिडकीतून मुलूख पाहत, बसून अमळनेरला गेले. नवापूरच्या बाकावर फोटोही निघाला.

परतीचे तिकीट या वेळी चुकू नये म्हणून धाकट्या भावाने एका दिवसाची रजा टाकली होती. आरक्षणाची खिडकी सकाळी आठला उघडते, परंतु सुट्टीच्या हंगामात तिच्यापुढे नंबर लावायला माणसे आदल्या रात्रीच जाऊन बसतात. त्यामुळे दिवसाच्या गाडीची पाच तिकिटे काढण्यासाठी भावाची ती रात्र खिडकीसमोरच्या फरशीवर गेली.